पाऊसगाण्यांतील गडगडाट

वैशाखाच्या अखेरीस डिचोलीतील एका जुन्या घराच्या सोप्यावर आमची वाचनबैठक भरली होती. विषय अर्थात पाऊसकवितेचा. ज्येष्ठ जवळ आला की आमच्यासारख्या मंडळांना दुसरे काही सुचत नाही, हे आम्ही संकोचाशिवाय कबूल करतो. दुपारपासून मळभ दाटले होते. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. आमच्यातील एका सभासदाने बा. भ. बोरकरांची 'गडद निळे' वाचावयास घेतली आणि ती अर्ध्यावर आली असतानाच पूर्वेकडे, सत्तरीच्या डोंगरांवर, पहिला गडगडाट झाला. वीजप्रवाह गेला. समई आणेपर्यंत कवितेचे पान दिसेना, आणि दिसू लागले तेव्हा कोणालाच ते पाहावेसे वाटेना. मुले खांबांना टेकून लखलखाट आणि आवाज यांच्यामधील सेकंद मोजीत होती. तीन सेकंदांस एक किलोमीटर हा हिशेब त्यांना शाळेत शिकविलेला. आधी पंधरा मोजले, मग नऊ, मग चार. त्यानंतर मोजण्यास वेळच उरला नाही. अंगणातील माडावर नव्हे, पण फार दूरही नव्हे, अशा ठिकाणी वीज कोसळली. कौले थरथरली, आणि आम्हा प्रौढांच्या अंगांवरही काटा उभा राहिला.

पाऊस ओसरल्यावर घरच्या काकू, ज्यांनी ऐंशी पावसाळे केव्हाच ओलांडले आहेत, उंबऱ्यातून म्हणाल्या, "कविता गोड आहे हो. पण तीत गडगडाट कुठे गेला?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नास उत्तर देण्याचा आमचा उशिराचा प्रयत्न आहे. उशिराचा अशासाठी की त्या दिवशी आम्ही "कवीला तेवढेच अभिप्रेत असावे" अशा धर्तीचे काहीतरी बोलून वेळ मारून नेली होती. समीक्षकाजवळ असली वाक्ये नेहमीच तयार असतात.

प्रथम गडगडाटाचे आमच्या भागातील वेळापत्रक पाहू, कारण कवितेने ते जवळजवळ सर्वत्र बाजूस सारले आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला, परंतु ऐन आषाढ-श्रावणाच्या त्या धारांत मेघगर्जना क्वचितच ऐकू येते. गडगडाटाचे दिवस दोन टोकांना असतात. एक टोक मे महिना आणि मृगाचा आरंभ हे, तर दुसरे परतीच्या पावसाचे, हस्त नक्षत्राच्या आसपासचे. कारण असे की वीज निर्माण होण्यास फार उंच चढणारा ढग लागतो. त्याच्या वरच्या, गोठणबिंदूखालच्या भागात बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा यांची टक्कर होऊन विद्युतभार विभागला जातो. उन्हाने तापलेली भूमी, समुद्राकडून आत शिरणारा दमट वारा आणि सह्याद्रीचा चढ यांचा मेळ मे महिन्याच्या दुपारी जमला की असे ढग उभे राहतात. पुढे नैर्ऋत्य मोसमी वारा स्थिरावला की ढग सर्वत्र पसरतात आणि धो धो पाऊस देतात, पण त्यांच्या आतले वर चढणारे प्रवाह पूर्वीइतके जोरकस राहत नाहीत.

आणखी एक गोष्ट डिचोली-पेडण्याच्या वाचकास सांगावी लागत नाही, पण कवितेला सांगावीशी वाटते. आपला खरा पावसाळा समुद्राकडून येतो. हरमलच्या किंवा केरीच्या किनाऱ्यावर उभे राहिले की तो करड्या पडद्यासारखा चालून येताना दिसतो. वळीव मात्र पुष्कळदा उलट दिशेने, घाटावरून, चोर्ल्याच्या अंगाने खाली उतरतो, कारण त्या दिवसांत वरच्या थरांतील वारे पूर्वेकडून वाहत असतात. आपल्यापैकी कित्येकांची घराणी ज्या घाटवाटांनी या महालांत उतरली, त्याच वाटांनी गडगडाटही उतरतो. पाऊस दर्याचा आणि गडगडाट डोंगराचा, अशी आमच्याकडील वाटणी आहे.

आता कवितेकडे वळू. मराठी कवितेतील पावसाच्या पाठीशी 'मेघदूत' उभे आहे, आणि बोरकरांनी तर त्याचा मराठी अनुवादही केला. कालिदासाचा मेघ गर्जना करतो, परंतु फार शिस्तीने. उज्जयिनीत महाकालाच्या सायंपूजेस त्याने नगाऱ्याचे काम करावे असे यक्ष सुचवितो. रात्री प्रियकरांच्या घरी निघालेल्या स्त्रियांना विजेच्या सोनेरी रेषेने वाट दाखवावी, पण तेव्हा पाऊस पाडू नये आणि गर्जूही नये, कारण त्या भित्र्या असतात, अशी सूचनाही तो देतो. एके ठिकाणी गर्जनेने दचकलेल्या सिद्धांगना आपल्या पतींना बिलगतात आणि पती मेघाचे आभार मानतात. थोडक्यात, गर्जना तेथे सेवेस ठेवलेली आहे. तिचा आवाज केव्हा, कोठे आणि किती व्हावा हे ठरविणारा माणूस आहे.

त्याहून फार जुने असे ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातील पर्जन्यसूक्त पाहावे. तेथील पर्जन्य कोणाच्या सेवेत नाही. तो गर्जत दुष्कृत्ये करणाऱ्यांस मारीत सुटतो तेव्हा निरपराध माणूससुद्धा त्याच्यासमोरून पळ काढतो, असे तो कवी सांगतो. 'निरपराध माणूससुद्धा' यातील 'सुद्धा' आम्हांस फार मोलाचे वाटते. वीज कोसळताना ज्याने उंबऱ्यात उभे राहून आपल्या हातून काही चुकले आहे काय याची क्षणभर उजळणी केली आहे, त्यालाच ते सुचावे. आमच्या लहानपणी घरातील वडीलधारी मंडळी कडकडाट झाला की अर्जुनाची दहा नावे घेत आणि कोणीतरी अंगणात कोयता टाकी. त्या कोयत्याने विजेचे काय होई ते वीजच जाणे. परंतु त्या कृतीत वैदिक कवीचा तो 'सुद्धा' जिवंत होता.

याच सूक्ताच्या शेवटी ऋषी म्हणतो की पुष्कळ बरसलास, आता आवर. थरार आणि पुरे झाले ही भावना, दोन्ही एकाच सूक्तात बसली आहेत. पुढील काळातील आमच्या काव्याने या दोहोंपैकी एकही फारसे सांभाळले नाही. उलट मराठीत गर्जनेकडे पाहण्याची एक वेगळीच, काहीशी तुच्छतेची रीत रूढ झाली. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण पाहावी. गर्जणारा तो बढाईखोर, बरसणारा तो खरा. ही म्हण गोव्यात जन्मली नसणार. आमच्याकडे जो मे महिन्यात गर्जतो तो अंगणातील वाळत घातलेली सोले, आंबोशी, पापड आणि पुरुमेताची अर्धी तयारी वाहून नेण्याइतका पडतोही.

बोरकरांवर काकूंनी घेतलेला आक्षेप या पार्श्वभूमीवर तपासला पाहिजे. त्यांची सर्वांच्या ओठांवर असलेली दोन पाऊसगाणी घेऊ. 'सरीवर सरी'त सचैल भिजणाऱ्या गोपी आहेत, मल्हार आहे, भिजलेला मोर आहे. वीजही आहे, पण ती अधूनमधून नाचणारी आहे. या कवितेला यमुनेचे पाणी आणि कृष्णाची निळाई पुरते. तिला आमच्या सत्तरीच्या डोंगरांची गरज नाही, आणि तसा आग्रह धरणेही अरसिकपणाचे होईल.

'गडद निळे'चे प्रकरण वेगळे आहे. ही कविता निःसंशय आमच्या वळवाची आहे. सूर्य डोंगर ओलांडून उतरत आहे, आकाशातून माणकांची वृष्टी व्हावी तसा प्रकाश सांडतो आहे, माड त्यात न्हाऊन निघाले आहेत, क्षितिज बघता बघता धूसर होते आहे. मे महिन्याच्या अखेरीची दिवेलागणीपूर्वीची ही वेळ ज्याने पाहिली आहे तो तिच्यातील एकही तपशील नाकारणार नाही. मग एकदम टपटप थेंब पडू लागतात, मनातले आणि वनातले डोंब विझतात, भूमीचा वत्सल वास येतो. ढग भरून येण्यापासून मृद्गंधापर्यंत सारा क्रम अचूक आहे. परंतु जो आवाज या क्रमात हमखास असतो, तो नाही. काकूंचा कान खोटा नव्हता.

येथपर्यंत आलो तेव्हा आमचा निकाल जवळजवळ ठरला होता. बोरकर हे आनंदाचे, प्रसन्नतेचे कवी. भयंकराचे त्यांना वावडे, म्हणून त्यांनी गडगडाट वगळला, असे लिहून आम्ही मोकळे होणार होतो. हे वाक्य वाईट नाही, आणि बोरकरांवरील निम्म्या परीक्षणांत ते कोणत्या ना कोणत्या रूपाने सापडेलही. पण कविता पुन्हा वाचताना आम्ही गुरांपाशी अडखळलो.

थेंब पडण्यापूर्वीच्या कडव्यात रस्त्यावरची गुरे स्तब्ध उभी आहेत. चकित झालेली आहेत. पुढ्यातले गवत विसरून त्यांनी डोळे आकाशाला खिळविले आहेत. गूर गवत केव्हा विसरते? ढगांचा रंग पाहून विसरत नाही, हे गुरे राखलेल्या कोणालाही विचारावे. पाऊस पडत असतानाही ते चरत राहते. गूर मान वर करून थिजते ते आवाजाने, किंवा आवाज येण्यापूर्वी माणसाला न जाणवणाऱ्या कशाने तरी. मग 'सरीवर सरी' आठवली. तेथेही गोपी जागच्या जागी खिळून थिजल्या आहेत, आणि त्या थिजतात ते वीज नाचून गेल्यानंतर. दोन वेगळ्या कविता, एक गावाकडच्या वाटेवरची, दुसरी गोकुळातली, आणि दोहोंत एकच शरीरस्थिती व एकच क्रियापद! हा योगायोग नसावा असे आम्हांस वाटते. बोरकरांनी गडगडाट लिहिला नाही, गडगडाटाने खिळलेला देह लिहिला. दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आवाज होऊन जातो. आपल्या वाट्यास येतात ते त्याच्या अलीकडचे रोखलेले डोळे आणि पलीकडचे थेंब.

तरीही काकूंची तक्रार पुरती फिटत नाही. कारण त्या वाटेवर गुरे आहेत, पण गुराखी नाही. तो कोठे गेला? मोप्याच्या सड्यावर २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्यापूर्वी त्या उघड्या जांभ्या दगडाच्या माळावर आजूबाजूच्या गावांतील माणसे गुरे घेऊन जात, आणि पेडण्यात असे सडे अजूनही आहेत. सड्यावर वळीव गाठतो तेव्हा सभोवती सर्वांत उंच वस्तू म्हणजे तो गुराखीच असतो, किंवा ज्याच्याखाली उभे राहू नये असे एखादे एकटे झाड. देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. त्यांत मोठा भाग शेतात आणि उघड्यावर राबणाऱ्यांचा असतो. सोप्यावर बसून ज्या लखलखाटाने आम्ही रोमांचित झालो, तोच लखलखाट त्याच क्षणी सड्यावरून पाहणाऱ्याला थरार वाटणार नाही.

ही अडचण आमच्या आधी पुष्कळांना जाणवली आहे. एडमंड बर्कने १७५७ साली आपल्या सौंदर्यविषयक ग्रंथात भयातून मिळणाऱ्या आनंदाचा विचार केला तेव्हा भय अगदी अंगावर आलेले नसावे अशी अट घातली. कांटने १७९० मध्ये उदात्ताची उदाहरणे देताना गडगडाटी ढगांचे नाव घेतले आणि आपण सुरक्षित जागी असलो तरच ते दृश्य ओढून घेते, असे म्हटले. आमच्याकडे अभिनवगुप्ताने भयानक रसासाठी शाकुंतलातील बाणाला भिऊन पळणारे हरिण घेतले. प्रेक्षकाला जाणवणारे ते भय माझे नाही, माझ्या मित्राचे नाही आणि शत्रूचेही नाही, म्हणूनच ते आस्वाद्य होते, असा त्याचा आशय. पेडण्यातल्या दशावतारात राक्षस पखवाज-झांजांच्या दणदणाटात प्रवेश करतो तेव्हा आईच्या मांडीवरचे पोर किंचाळते आणि आई हसते. अभिनवगुप्ताचा सिद्धान्त तेथे रात्रभर सिद्ध होत असतो. परंतु वळीव हे नाटक नव्हे. तेथील बाण कोणाला लागेल हे ठरलेले नसते. बर्क आणि कांट यांची सुरक्षित जागा म्हणजे आमच्या भाषेत शाकारलेले छप्पर. ते सर्वांच्या डोक्यावर सारखे नसते, आणि ज्यांच्या डोक्यावर असते त्यांनाही ते किती काळ टिकेल याची शाश्वती नसते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे कोसळली, दिवसचे दिवस वीज नव्हती, आणि भक्कम घरांतील माणसांचीही थराराची हौस पहिल्या रात्रीतच फिटली.

कुसुमाग्रजांचे 'कोलंबसाचे गर्वगीत' ('विशाखा', १९४२) येथे कोणीतरी पुढे करील. वादळ तेथे आहे, आणि त्याचा आवाजही मोठा आहे. पण तो सारा कोलंबसाच्या आवाजाखाली दबून जातो. समुद्राने खवळावे ते नायकाच्या जिद्दीला साजेसा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्या कवितेने केलेले काम आम्ही जाणतो. मात्र १७८८ पासून १९६१ पर्यंत ज्या पेडण्यावर दर्यावर्द्यांच्या मागून आलेल्या सत्तेने राज्य केले, तेथील शाळांत ती कविता म्हटली जाताना कोणाला काहीच वावगे वाटले नसेल काय, असा एक खट्याळ प्रश्न आम्हांस नेहमी पडतो. असो.

ज्या कवितेत छप्पर, भय आणि थरार ही तिन्ही एकत्र आली आहेत ती घाटापलीकडे, बेळगावी राहिलेल्या इंदिरा संतांची आहे. आमचा गडगडाट जेथून खाली येतो तेथूनच ती आली, याचे आम्हांस विशेष वाटते. 'नको नको रे पावसा' ही कविता लडिवाळ गीत म्हणून गायिली जाते आणि त्या लडिवाळपणातच तिचे खरे धाडस झाकले जाते. बोलणारी स्त्री गरीब आहे. कौलांतून गळणाऱ्या धारांखाली ठेवायला तिच्यापाशी पुरेशी भांडी नाहीत. नेसूचे लुगडे जुने आहे, ते भिजले तर दुसरे नाही. अवेळी आलेल्या पावसाला ती विनवते, दटावते. कालिदासाच्या यक्षासारखी ती मेघाला सूचना देत नाही, कारण तशा अधिकाराच्या जागी ती नाही. मग एकाएकी तिला वाटेवर असलेला सखा आठवतो, आणि ज्या पावसाला ती हाकलीत होती त्यालाच ती कामास लावते. विजेला ती म्हणते, कडाडून त्या वाटसरूला मागे फिरव.

येथे मेघदूताचा एक जुना धागा गुपचूप उलटा विणला गेला आहे. उत्तरमेघात मेघ यक्षपत्नीला आपली ओळख करून देतो ती, प्रवासात थकलेल्यांना आपल्या गंभीर, स्निग्ध ध्वनीने घराकडे त्वरेने धाडणारा म्हणून. वाटसरूला घरी परतविणारी गर्जना ही कल्पना तीच. पण कालिदासाकडे ती स्निग्ध आहे, कारण तेथे कोणाचे छप्पर गळत नाही. इंदिराबाईंना कडकडाटच हवा. हळुवार गुरगुरीने ऐकणारा तो वाटसरू नसावा. त्याला भ्यायलाच हवे, आणि त्याला भिवविण्यासाठी ही स्त्री स्वतःचे भय बाजूला ठेवते. तो परतला तर तू हवा तेवढा धिंगाणा घाल, मी चकार शब्द काढणार नाही, गळतीखाली पितळेची भांडी मांडीन, असा सौदा ती करते. आणि शेवटी जे म्हणते ते सबंध मराठी पाऊसकवितेत आम्हांस सर्वांत थरारक वाटते. सख्याच्या डोळ्यांत चमकणाऱ्या विजेची पूजा करण्याचे ती कबूल करते. भयाच्या पलीकडे नव्हे, गळक्या छपराखाली, भयासकट. बर्क-कांटची अट ती पाळीत नाही. तिला सुरक्षित जागा नाहीच, आणि तरीही तिला वीज हवी आहे.

आमच्या पावसाळी कविसंमेलनांत दरवर्षी ज्या कविता वाचल्या जातात, त्यांपैकी निम्म्यांत श्रावण, मोर, मृद्गंध आणि भिजलेली सखी ही चौकडी असते. आम्हीही त्या पापाचे धनी आहोत. गेल्या खेपेस आम्ही वाचलेल्या कवितेत श्रावणात वीज कडाडत होती, म्हणजे ती आकाशातून नव्हे, इतरांच्या कवितांतून आली होती. पेडणे-डिचोलीच्या कवीने ज्येष्ठापूर्वीच्या एका दुपारवर लिहावे, सड्यावरच्या माणसाच्या बाजूने लिहावे, परतीच्या पावसात पेडण्याच्या पुनवेला निघालेल्यांना हस्ताने वाटेत गाठले त्याविषयी लिहावे, अशी आमची इच्छा आहे. आमच्या पूर्वजांनी बोलीतला 'जोगूल' हा शब्द वापरला. त्यात वीज दिसते आणि डोळे दिपतातही. तो मराठी कवितेत येऊ नये असे कोणत्या व्याकरणाने ठरविले आहे?

पुढल्या बैठकीत काकूंच्या आग्रहावरून 'गडद निळे' पुन्हा वाचली गेली. गुरांचे कडवे संपल्यावर वाचणारा सभासद आपण होऊन थांबला. काकूंनी मान किंचित पूर्वेकडे वळविली. मुलांनी सवयीने मोजायला सुरुवात केली. आकाश त्या दिवशी निरभ्र होते. सातापर्यंत मोजून झाल्यावर काकू म्हणाल्या, "हं, आता वाचा पुढचे."